एकमेकांकडे न बघणारे दोन पोलीस

"सगळे विनोद ट्रेलरमध्येच संपवलेत," मी रिकाम्या थिएटरात मोठ्याने म्हणाले.

"सगळे नाहीत," मागून आवाज आला. "चांगले चार शिल्लक ठेवलेत."

मी दचकलेच. सकाळचे दहा वाजले होते, फरशी नुकतीच पुसून झाली होती आणि आत माझ्याशिवाय फक्त प्रोजेक्टरवाले मामा असायला हवे होते. वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत एकजण मांडीवर वही घेऊन बसलेला. कुरळे केस... शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच.

"तुम्ही कोण?"

"तुम्ही आत्ता नावं ठेवलीत ना, तो ट्रेलर मी कापून जोडलाय. थिएटरवाले कुठे हसतात ते टिपायला वितरकांनी पाठवलंय. मामांनी आत सोडलं."

"मग टिपून घ्या. कुठेच नाही."

त्याने खरंच लिहून घेतलं. मला उगाच वाईट वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

दाखवून चालणार नव्हतं. थिएटर बाबांचं, पण वर्षभरापूर्वी चित्रपट निवडायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं आणि मी निवडलेले तीन चित्रपट लागोपाठ आपटले होते. येत्या सुट्टीतला चौथाही आपटला, तर निवड काकांकडे जाणार आणि मी तिकीट खिडकीत. अख्खा चित्रपट आधी कुणी दाखवत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची, आणि शुक्रवारी सही.

म्हणून या खेपेला मी एक रीत ठरवली होती. ट्रेलर आवाज बंद करून बघायचा. संगीत माणसाला गुदगुल्या करून हसवतं. मुकं चित्र बघून हसू आलं तर ते खरं. त्यालाही मी तेच सांगितलं.

"मग मुकं काय दिसलं?" त्याने विचारलं.

"एक पोलीस नियमावर बोट ठेवणारा, दुसरा स्वतःच्याच बेड्यांत अडकणारा. दोघं धावतात, पडतात, गाडी तळ्यात घालतात. गाडीचा विनोद तर शिळाच. पण एकदाही एकमेकांकडे बघत नाहीत. ही जोडी नाही, शेजारी उभे केलेले दोन गणवेश आहेत."

त्याने वही मिटली. मग हळूच म्हणाला, "चित्रपटात बघतात. मीच ते कापलं. सगळं आधीच दाखवलं तर लोक येतील कशाला?"

"आणि काहीच दाखवलं नाही तर?"

"शुक्रवारपर्यंत वेळ द्या," तो म्हणाला आणि दुसरी बाही दुमडली.

मंगळवारी तो नवा ट्रेलर घेऊन आला. बुधवारी आणखी नवा, गुरुवारी त्याहून नवा. आमच्या मध्ये एक खुर्ची, खुर्चीवर पॉपकॉर्नची पिशवी, आणि दोघांची नजर पडद्यावर.

"नाही," मी म्हणायचे.

"नन्नाचा पाडा कुठल्या शाळेत शिकलात?"

"तीन चित्रपट आपटले की आपोआप पाठ होतो."

बुधवारी गाडी तळ्यात गेली आणि मी खळखळून हसले. मागाहून मामांना विचारलं, तो तुकडा बदललाय का? मामा म्हणाले, अगदी तोच आहे.

मला घाम फुटला.

संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "पोलीस आवडले की पोलिसांना कापणारा?"

"मामांनी चुगली केली वाटतं."

"मामा कशाला करतील? तू मला दोनदा मीठ वाढलंस."

मी त्या क्षणी ठरवलं. तो मला आवडला होता, आणि म्हणूनच त्याच्यावर मेहेरबानी म्हणून हा चित्रपट घ्यायचा नाही. चूक झालीच तर ती माझ्या डोळ्यांची असू दे... मनाची नको.

शुक्रवारी तो शेवटचा ट्रेलर घेऊन आला, तेव्हा मी दारातच हात आडवा धरला. "बाहेर थांबायचं."

"का?"

"कारण तू शेजारी बसलास की मला कशालाही हसू येतं."

'तू' कधी आलं ते मलाही कळलं नाही. त्याने वही उघडली. "हे... कुठे टिपू?"

"कुठेही नको. बाहेर थांब."

मी एकटी बसले. आवाज बंद. बेड्या लागल्या, किल्ली तळ्यात पडली. आजवर ट्रेलर तिथेच पुढे पळायचा. आज पळाला नाही. दोघं पोलीस पाण्याकडे बघत राहिले, आणि मग सावकाश... एकमेकांकडे. जेमतेम दोन सेकंद.

मी एकटीच हसत सुटले. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा हसले.

बाहेर तो पॉपकॉर्नच्या यंत्राला टेकून उभा होता, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"घेतेय," मी म्हणाले. "त्या दोन सेकंदांसाठी. तुझ्यासाठी नाही."

"चालेल." त्याने वही पुढे केली. "पण मीही एक गोष्ट कापत आलोय. वितरकांनी मला फक्त सोमवारी पाठवलं होतं."

मी पानं उलटली. 'मंगळवार, शिट्टी — ओठ हलले. बुधवार, गाडी तळ्यात — खळखळून. गुरुवार, काहीच नाही — तरी हसली.' पडदा फक्त निमित्ताला होता, नोंदी सगळ्या माझ्याच. माझे कान तापले.

"उत्तर?" त्याने विचारलं.

"पहिल्या खेळाला. चित्रपट पडला तर मी चिडलेली असेन, आणि चिडलेल्या माणसाचा होकार टिकत नाही."

"आणि चालला तर?"

"तेव्हा बघू."

सुट्टीच्या पहिल्या खेळाला आम्ही शेवटच्या रांगेमागे उभे होतो. पहिली वीस मिनिटं थिएटर नुसतं खोकत होतं. दारात काका हाताची घडी घालून उभे. माझी बोटं गार पडली, तेव्हा त्याने ती आपल्या हातात घेतली. मी सोडवून घेतली नाहीत.

मग किल्ली तळ्यात पडली. क्षणभर शांतता... आणि अख्खं थिएटर हसलं. काकांची घडी सुटली, तेही हसले, आणि पुढच्या रांगेतून बाबांनी मागे वळून मला शोधलं.

मी पडदा पाहिलाच नाही. तीन सकाळी शेजारी बसून आम्ही दोघं समोरच बघत होतो, त्या पोलिसांसारखे. आता मी त्याच्याकडे बघितलं, तो आधीपासूनच माझ्याकडे बघत होता, आणि आमचे दोन सेकंद कापायला तिथे कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले.