ओठांतला जेट

झाकण

कार्बोरेटर उघडताना वरचं झाकण आधी काढायचं. बाबांच्या मोटरसायकलचं झाकण निघेना, म्हणून मी त्यावर थिनर सोडलं आणि हात पुसत स्वयंपाकघरात आले.

"निघालं का?" आई ओरडली. हल्ली ती ओरडतेच. स्वतःचा आवाज तिला पोचत नाही, त्यामुळे आमच्या घरातली सगळी गुपितं शेजाऱ्यांना ठाऊक असतात.

"नाही," मी तिच्यासमोर उभी राहून, ओठ स्पष्ट हलवत म्हटलं.

"त्यांच्या हातूनही लवकर निघायचं नाही. मग ते शिव्या द्यायचे. तूही दे."

सोमवारी आईचं ऑपरेशन होतं. एक कान आधीच गेलेला. दुसऱ्याच्या आत, नसेवर गाठ. गाठ निघेल, पण जे थोडं ऐकू येतंय तेही त्याबरोबर जाईल, हे सर्जननी न घोळवता सांगितलं होतं. मी त्याच रुग्णालयात लोकांचे कान तपासते. आईच्या कानाचा आलेख मीच काढला होता. बारीक, उंच आवाज पार गेलेले. घंटी, पाखरं, शिट्टी, काही नाही. जाड, खालचे आवाज थोडे उरलेले. आपटलेलं दार. ट्रक.

"कान जाण्याआधी काय ऐकायचंय?" मी विचारलं होतं. मला वाटलं, एखादं गाणं म्हणेल. किंवा माझा आवाज.

"तुझा आवाज मला पाठ आहे," ती म्हणाली. "गाडी चालू कर."

वाटी

"कार्बोरेटर म्हणजे गाडीचं नाक," मामा म्हणाला. "हवा ओढायची, पेट्रोल मिसळायचं, खाली सोडायचं. आपल्या घरात डोळे मी बघतो, कान तू बघतेस, नाक भावोजींनी बघितलं. जीभ तेवढी ताईने."

मामाचं चष्म्यांचं दुकान आहे. तो दुकान बंद ठेवून, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आला होता.

बाबा गेल्यापासून गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली, तर पेट्रोल वाळून त्याचा डिंक झालेला. डिंकात दोन पितळी जेट रुतलेले. मोठा जेट गाडी पळते तेव्हाचा. छोटा, म्हणजे स्लो जेट, गाडी जागेवर उभी राहून धडधडते तेव्हाचा. आईला हवा होता तो आवाज या छोट्याचा. बाबा कामावरून आले की फाटकाशी गाडी बंद न करता थोडा वेळ तशीच ठेवायचे, आणि आई आतून म्हणायची, "आले." हा जेट तुंबला तर अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडल्याबरोबर इंजिन मरतं. तो नसलाच, तर पेट्रोल नुसतं ओतलं जातं आणि इंजिन गुदमरतं.

त्याचं भोक केसाएवढं. तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग तो आवाज पुन्हा येत नाही. बाबा जेट तोंडाने फुंकून साफ करायचे. साफ झालेला ओठांत धरून ठेवायचे, शिंपी टाचणी धरतो तसा. हरवत नाही, आणि घरच्यांशी बोलावंही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आईने जेवायला हाक मारली की त्या जेटमधूनच उत्तर द्यायचे. दोन लहान शिट्ट्या. म्हणजे, आलो.

शेवटी फुप्फुसं थकली, तेव्हाही ते खाटेवर बसून जेट फुंकत राहिले. मध्येच थांबायचे, श्वास गोळा करायचे, पुन्हा फुंकायचे. आईने एक दिवस त्यांच्या ओठांतून जेट काढून घेतला. "आधी स्वतःपुरता तरी श्वास घ्या," म्हणाली.

तोच हा जेट, नंतर त्यांनीच परत बसवलेला. स्क्रूड्रायव्हर घालायच्या खाचेची एक कड तुटलेली. या गाडीचा स्लो जेट आता कुणी बनवत नाही.

मी तो थिनरमध्ये घातला, ब्रश मारला, पंपाने हवा मारली. फुंकून फुंकून माझे गाल दुखायला लागले. मामाने तो भिंगाखाली धरून खिडकीकडे वळवला.

"अंधार," तो म्हणाला.

जेट

आई चहा घेऊन शेडमध्ये आली. ट्रेमध्ये चार कप.

"चौथा कुणाला?" मी विचारलं.

"आत्ता शिट्टी वाजली ना. हाक मारली तर लगेच वाजली."

मी मामाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? मला शिट्टी येत नाही. अख्ख्या शाळेने शिकवून पाहिलं."

"ताजी वाजली," आई हसत म्हणाली. तिने चौथा कप गाडीच्या सीटवर ठेवला. मग स्वतःच उचलून पिऊन टाकला. "वाया कशाला घालवायचा."

मी तपासणीचं छोटं यंत्र घरी आणलेलं असतं. आईला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. शिट्टीच्या पट्टीतला सूर सोडला. वाढवत नेला. यंत्र जाईल तितका. हेडफोनच्या कडेतून तो मला ऐकू येत होता, दात शिवशिवत होते.

आई शांतपणे माझ्याकडे बघत होती.

"सुरू कर की," ती म्हणाली.

नस मरते तेव्हा मेंदू रिकाम्या जागा स्वतःच्या आवाजांनी भरतो. हे मी पेशंटना रोज समजावून सांगते. तसंच मी स्वतःलाही सांगितलं, नीट, सावकाश, आणि जेट पुन्हा थिनरच्या वाटीत टाकून, वर झाकण ठेवून शेडचं दार ओढून घेतलं.

जेट, पुन्हा

जोडताना उलट क्रमाने यायचं असतं.

सकाळी वाटीवरचं झाकण जसंच्या तसं होतं. थिनर होतं. जेट नव्हता.

तो टेबलावर पसरलेल्या फडक्यावर होता. कोरडा, पिवळाजर्द.

मामाने भिंग लावलं. जेट खिडकीकडे धरला.

"उजेड," तो म्हणाला. मग, "कधी काढलास?"

"मी नाही काढला. तू?"

"मी तर आत्ता कुठे चप्पल काढली."

तो हसला. मीही हसले. मग आम्ही दोघंही थांबलो.

मी जेट ओठांना लावला. फुंकर मारायला श्वास घेतला.

माझ्याआधी पलीकडून आली.

जिभेच्या शेंड्यावर हवेची एक बारीक रेघ. कोमट. ती थांबली. कुणीतरी दमून थांबावं तशी. मग पुन्हा आली.

मी जेट खाली ठेवला.

"खिडकीतून वारा येतोय का रे?"

"खिडकी बंद आहे," मामा म्हणाला. "ओठ बघ तुझे. पांढरे पडलेत."

त्यानंतर मी काहीही ओठांत धरलं नाही. हातमोजे घातले.

वाटी, पुन्हा

रविवारी मामा म्हणाला, "भाचीबाई, जोडून झालं की एक तरी भाग उरतो बरं का. भावोजी म्हणायचे, उरला नाही तर समजावं, कुठेतरी जास्तीचा गेलाय."

मी मोठा जेट बसवला. छोटा बसवला. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट अडकवला. वाटी घट्ट केली.

छोटा बसवला, असं मला आठवतं.

झाकण, पुन्हा

आईने शेडच्या दारात खुर्ची मागवली. इस्त्रीची साडी नेसली होती. केस विंचरले होते.

मी किक मारली. काही नाही. मामाने मारली, मग गुडघा धरून खाली बसला. "हे गुडघे चष्म्याने सुधारत नाहीत," म्हणाला. मी पुन्हा मारली. घाम डोळ्यांत उतरला. आज रविवार होता, आणि उद्या सोमवार.

"चोक अर्धा," आई ओरडली. "ते अर्धाच ठेवायचे!"

अर्धा ठेवला. किक मारली.

गाडी धडधडली.

मी स्लो, म्हणजे ती जागेवरची धडधड, लावायला स्क्रूड्रायव्हर पुढे नेला आणि तसाच हातात धरून राहिले. लावायची गरज नव्हती. तोच आवाज. काही ठोक्यांनंतर एक चुकलेला, जिना चढणारा माणूस मध्ये थांबतो तसा. मग पुन्हा पुढे.

आई उठली. तिने टाकीवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

"आले," ती म्हणाली.

हळू आवाजात. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती ओरडली नाही.

मामा तोंड फिरवून रडत होता. त्याच्याजवळ रुमाल नव्हता. मी आत, टेबलाकडे वळले.

उरलेलं

फडकं उचललं. त्याखालून काहीतरी घरंगळलं.

पितळी. छोटा. खाचेची एक कड तुटलेली.

बाहेर इंजिन धडधडत होतं. एका लयीत, मूठ सोडलेली, न गुदमरता.

"हो, येतंय ऐकू," आई कुणाला तरी म्हणत होती, हळूच, चिडवल्यासारखी. "सावकाश. घाई नाही. मी आहे इथेच."

मी हातमोजा काढला आणि जेट उचलला.

त्याचं एक टोक ओलं होतं. थिनरचा वास नव्हता. कोमट होतं.