आत काय काय आहे, सांगा

दिवा राहू दे तसाच. मध्ये कुणी "मग काय झालं?" विचारायचं नाही, मला तंद्री तुटलेली खपत नाही. ही हकिकत माझ्या शेजारच्या किल्लीवाल्याची. त्याने ती माझ्याशिवाय कुणालाही सांगितलेली नाही, तेव्हा तुम्हीही तोंडाला कुलूप घाला.

गेल्या डिसेंबरची सतरा तारीख, मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. त्या दिवशी कामावरून यायला उशीर झालेला, नुकताच जेवून हात धूत होता तो. फोन वाजला. "दाराचं कुलूप अडकलंय. येता का?" पत्ता दोन गल्ल्या पलीकडचा. बायको म्हणाली, "लोकांना बरी रात्रीच कुलपं आठवतात!" पण हा कामाला नाही म्हणणाऱ्यातला नव्हे. पिशवी उचलली आणि निघाला.

त्याचा एक शिरस्ता होता. अनोळखी माणसाचं कुलूप उघडण्याआधी तो विचारायचा, "आत काय काय आहे, सांगा." घर ज्याचं असतं तो घडाघडा सांगतो, चोर अडखळतो. फार सावध माणूस, आणि सावध राहायला कारणही होतं. ज्या नावाने तो जगत होता, ते नाव त्याचं नव्हतंच.

तीस वर्षांपूर्वी तो आणि त्याचा एक मित्र एका खोलीत राहायचे. मित्राला कुलपांच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि रुजू व्हायच्या आदल्या रात्री तो तापात गेला. याच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. याने मित्राची कागदपत्रं घेतली, खोलीला बाहेरून कुलूप ठोकलं आणि सकाळी त्याच्या नावाने कामावर हजर. पुढे लग्न त्याच नावाने झालं, मुलीच्या नावापुढेही तेच नाव लागलं. मायलेकींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर दोघी कायमच्या तुटल्या असत्या, आणि त्यांच्याशिवाय त्याला जगात होतं कोण?

तर, तिसरा मजला. जिन्यात दिवा नव्हता. दारापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. किल्लीवाल्याने बॅटरी धरली, कुलपात तार घातली आणि सवयीने विचारलं, "आत काय काय आहे, साहेब?"

"एक खाट. खिडकीला काच नाही, पुठ्ठा लावलाय. कोपऱ्यात पत्र्याची पेटी."

"बरं."

"पेटी उघडी आहे. कागद नाहीत."

तार थांबली.

"खाटेवर एक जण पडलाय. मित्र निघालाय... ते त्याला दिसतंय. हाक मारायचीय. आवाज निघत नाही..."

किल्लीवाला पुटपुटला, "तो गेला होता. मी... मी नाडी बघितली होती."

"नीट बघितली होतीस? कुलूप लागल्याचा आवाज त्याने ऐकला. मग दोन दिवस..."

पळायचं होतं. पाय हलेनात. हात मात्र पुन्हा चालू लागले होते. आपोआप. थांबवता येईनात. खट्.

दार उघडलं. आत अंधार. रिकामी खोली.

"माफ कर रे," तो रडायलाच लागला. "काय हवं ते माग. पण घरी सांगू नकोस."

"मी कशाला सांगू?" माणूस म्हणाला. "माझ्याच नावाचं घर आहे ते."

आणि सावकाश जिना उतरून गेला.

किल्लीवाला धावत सुटला. घरी पोचला तेव्हा मुलीने डोळे चोळत दार उघडलं. "बाबा? तुम्ही परत बाहेर कधी गेलात? मघाशीच तर आलात..."

तो तिला बाजूला सारून आत गेला. पलंगावर बायको गाढ झोपलेली. शेजारची उशी दबलेली. त्याने हात लावून बघितला.

गरम होती.

त्या रात्रीपासून तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर झोपतो. बायकोला विचारायची सोय नाही, विचारलं तर सगळंच सांगावं लागेल. आणि ती रोज सकाळी चादर झटकताना म्हणते, "हल्ली किती शांत झोपता हो! घोरतसुद्धा नाही."