अकरा मीटर वायर

तो दुकानात आला तेव्हा माझ्या एका हातात सोल्डरिंग गन होती, दुसऱ्या हातात चिमटा आणि दातांत वायरचा तुकडा. मी काही बोलले नाही. त्याला वाटलं, मी रागावलेय.

“नंतर येऊ का?”

मी नकारार्थी मान हलवली. तो दारातच थांबला. नखांच्या कडांना वाळलेली खळ, बाहीला कागदाचा भुसा... पुस्तकं बांधणारा बाइंडर असणार. हातात बेलचं तुटकं बटण.

“हे बदलून देता येईल,” मी वायर तोंडातून काढत म्हटलं.

“बदलून उपयोग नाही हो. मला ऐकूच येत नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. आई वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली, हा खाली कागद कापायच्या मशीनवर. मशीनच्या घरघरीत बेल ऐकू येत नाही. बेलऐवजी दिवा लावून पाहिला, पण आईच्या बोटात जोर नाही; ती क्षणभर दाबते, दिवा क्षणभर लागतो, आणि नेमकी तेव्हा याची पाठ असते. परवा पाण्यासाठी ती स्वतःच उठली आणि पडली.

“म्हणजे तुम्हाला लक्षात ठेवणारा दिवा हवाय.”

“असा असतो?”

“फ्लिप-फ्लॉप म्हणतात त्याला.”

“सर्कशीतल्या माकडाचं नाव वाटतं.”

मी हसले नाही. जॉब कार्डाच्या पाठीवर दोन चौकोन काढले. “ही दोन गेट, म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारे भाग. प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्याला जातं. पहिलं ‘हो’ म्हणालं की दुसरं ‘नाही’ म्हणतं, आणि दुसरं ‘नाही’ म्हणतंय म्हणूनच पहिलं ‘हो’वर टिकतं. बटणावरून बोट काढलं तरी दोघं एकमेकांना धरून राहतात.”

“कुठवर?”

“कुणी दुसरं बटण दाबेपर्यंत.”

तो चित्राकडे बघतच नव्हता. मी पेनाला टोपण लावलं.

“ते दुसरं बटण माझ्या मशीनपाशी द्या.”

“नाही. ते आईंच्या उशाशी. दिवा विझवायला तिथं जावंच लागलं पाहिजे. नाहीतर घाईत खालूनच विझवाल आणि विसराल.”

“भलत्याच कडक आहात.”

“आमची चिमटाबाई आहे ती!” आतून मामा ओरडला. दुकान मामाचं, त्यामुळे त्याला गप्प बसवता येत नाही.

मी कार्ड भरलं: दिवा एक, बटणं दोन, वायर अकरा मीटर.

बसवायला मीच गेले. त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, बटण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “हे दाबलं की कोण येणार? हा की तू?”

“हे.”

“अरेरे.”

मी भिंतीवर वायर ठोकत होते म्हणून बरं... माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

पुढच्या दोन आठवड्यांत तो चारदा दुकानात आला. दिवा मंद वाटतो. जादा फ्यूज आहे का? एकदा नुसताच — “इकडून चाललो होतो.” त्याच्या घरून कुठंही जाताना आमचं दुकान वाटेत लागत नाही.

पाचव्यांदा आला तेव्हा हसला नाही.

“दिवा काढून न्या.”

“बिघडला?”

“दिवा नाही... आई. दिवा लागतो, मी धावत जातो, ती म्हणते, मी दाबलंच नाही. दिवसातून दोन-दोनदा. ताई आलीय, तिनंही बघितलं. म्हणते, आईला आता काही कळत नाही. उद्या दहाला वृद्धाश्रमाची गाडी येणार आहे.” तो थांबला. “आता आईच म्हणायला लागलीय... दाबलं असेल बाबा मीच.”

मी चिमटा खाली ठेवला. “दिवा लागतो तेव्हा तुम्ही काय करत असता?”

“काय करणार? मशीन चालू करत असतो.”

मी त्याचं जुनं कार्ड काढून पाठीवरचे दोन चौकोन पाहिले.

मोठी मोटर सुरू होताना घरातली वीज क्षणभर दबते. ती परत येते तेव्हा दोन्ही गेट एकदम जागी होतात, आणि आधी ‘हो’ कोण म्हणेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून वीज येताक्षणी फ्लिप-फ्लॉपला विझलेल्या बाजूला ढकलावं लागतं. एक कपॅसिटर, एक रेझिस्टर. पहिल्या वर्षाला शिकवतात. ते मी बसवायला विसरले होते. का विसरले, तेही मला माहीत होतं.

ते दोन भाग गुपचूप बसवून दिले असते तर त्याला कधीच कळलं नसतं. पण काकू वेड्याच ठरल्या असत्या.

“चूक माझी आहे,” मी म्हणाले. “आईंची नाही.”

कुठले दोन भाग राहिले, तेही सांगितलं. मला वाटलं, हा आता पुन्हा यायचा नाही.

“ताईसमोर सांगाल?”

“दाखवीन.”

सकाळी साडेनऊला पोचले तर भरलेली बॅग दाराशीच होती. ताईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. “मेकॅनिक आहात की आईच्या वकील?”

मी खालचा दिवा वर आणून काकूंच्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, बटण दूर खुर्चीवर. “काकू, दोन्ही हात पांघरुणावर.” मग जिन्यातून खाली ओरडले, “चालू करा!”

मशीन घरघरलं. खोलीतला बल्ब क्षणभर पिवळा पडला. लाल दिवा विझलेलाच.

“बंद करून पुन्हा!”

काहीच नाही. तिसऱ्यांदाही नाही. ताईंनी घड्याळ पाहिलं. “झालं समाधान?”

लागू शकतो म्हणजे दर वेळी लागेलच असं नाही, हे मी यांना कसं समजावणार?

चौथ्यांदा... नाही.

“गाडी येईल आता,” ताई म्हणाल्या.

“एकदाच. शेवटचं.”

मशीन घरघरलं. बल्ब पिवळा पडला. आणि लाल दिवा लागला.

काकूंनी दोन्ही हात एकदम वर केले. “मी नाही हं!”

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. आईचा एक वर धरलेला हात त्यांनी खाली घेतला, आपल्या दोन्ही हातांत ठेवला आणि तसाच धरून राहिल्या. बाहेर हॉर्न वाजला. “त्यांना परत जायला सांग,” त्या मान वर न करता म्हणाल्या. तो धापा टाकत दारात उभा होता. माझ्याकडे एकदा बघून खाली गेला.

मी राहिलेले दोन भाग बसवले आणि निघाले.

आठ दिवस तो आला नाही. मोजायचे नव्हते, पण मोजले.

नवव्या दिवशी दारात सावली पडली.

“आणखी एक दिवा हवाय.”

मी कार्ड ओढलं. नजर कार्डावरच. “दिवा कुठं?”

“तुमच्या टेबलावर.”

पेन थांबलं. “लावायचं बटण?”

“माझ्या मशीनपाशी.”

“आणि... विझवायचं?”

“तेही तिथंच. विझवायला तिथं जावंच लागलं पाहिजे, असं एक कडक बाई म्हणाल्या होत्या.”

आत मामाचा रेडिओ बंद झाला.

“माझ्यामुळे काकूंना...” मी म्हणाले. “आठ दिवस तुम्ही—”

“तुम्ही गप्प बसू शकला असतात. आठ दिवस मी फक्त त्याचाच विचार केला.”

जे सुचलं ते बोलले. “तुमचं घर दीड किलोमीटरवर आहे. एवढ्या वायरीत दिवा लागणारच नाही.”

“मग... अंतर कमी करावं लागेल.” त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “मशीनशेजारी खिडकी आहे. तिच्याखाली एक टेबल बसतं. मी मोजून आलोय.”

क्षणभर मी ‘हो’वरही नव्हते, ‘नाही’वरही नव्हते. मग पेन उचललं.

दिवा एक. बटणं दोन. वायर दोन मीटर.

आणि कार्ड त्याच्याकडे फिरवलं. “पुरेल?”