रक्तातली चिवचिव

वीज गेली होती. अमृतराव अंगणातल्या खाटेवर बसले. पुतणी चारुलता आणि तिची भावंडं समोर सतरंजीवर. ते सांगू लागले.

पांडुरंगरावांना मी चांगला ओळखत होतो. भैंसा गावात माझं एसटीडी बूथ होतं. एकोणीसशे शहाण्णव, दिवाळीनंतरचा दुसरा मंगळवार, रात्रीचे आठ वाजायला पाच मिनिटं कमी. पांडुरंगराव आले, चप्पल बाहेर काढली, म्हणाले, "हैदराबादच्या दवाखान्यात फोन लावा. गुरुवारी येत नाही म्हणून सांगाचं आहे."

तपासणी होती रेणुकाबाईची. पांडुरंगरावांच्या धाकट्या भावाची, उद्धवची, बायको. त्याच्या पंधरा दिवस आधी तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. अर्ध्या तासात सारं ठीक. हैदराबादेत डॉक्टरांनी कानशिलाला यंत्र लावून मेंदूतल्या रक्ताचा आवाज सगळ्यांना ऐकवला. सूं... सूं... मधेच चिव. "प्रत्येक चिव म्हणजे मेंदूकडे निघालेली एक बारीक गुठळी. आज सात झाल्या. गोळ्या बंद करू नका. गुरुवारी पुन्हा ऐकू. वाढल्या तर मानेच्या नसेचं ऑपरेशन."

"मग नेलं काऊन नाही?" चारूनं विचारलं.

घरी कबुतराच्या रक्तानं मालिश केली होती ना. तोंड त्यानंच सरळ झालं, असं पांडुरंगराव म्हणत. गोळ्याही त्यांनीच बंद केल्या. रेणुकाबाई पिशवी भरून बसली होती. दाराआडून म्हणाली, "भाऊजी, मले जाऊ द्या." पांडुरंगराव भावाकडं बघून हसले, "उद्धव, तुह्या बायकोच्या डोक्यात पाखरू बसलं का?"

"आन् उद्धव?"

"मोठ्या भावापुढं तो काय बोलणार, पोरी?"

"तोंड तर त्याचं वाकडं नव्हतं झालं!"

 अमृतराव पुढं सांगू लागले...

मी नंबर फिरवला, रिसिव्हर त्यांच्या हाती दिला. ते हॅलो म्हणाले. पुन्हा हॅलो. मग थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोणी बोलून नाही राह्यलं... नुसतं सूं-सूं."

बिलाचं मीटर शून्यावर होतं. फोन लागलाच नव्हता.

"चिव," ते हळूच म्हणाले. बोटांवर मोजू लागले. पाच... सहा... सात.

आठ.

मग मोजणं सुटलं. आता मलाही ऐकू येत होतं. चिव चिव चिव...

"येतो!" ते रिसिव्हरमध्ये ओरडले. "उद्याच घेऊन येतो तिले! थांब, बाई... थांब..."

आवाज थांबला.

मग काहीच नाही...

उद्धव अनवाणी धावत आला. "दादा... गेली."

पांडुरंगरावांनी रिसिव्हर ठेवला. त्यांच्या डाव्या कानशिलावरून काहीतरी ओघळत होतं. पारदर्शक. चिकट. उद्धवनं ते बोटानं टिपलं, दोन बोटांत चोळलं.

"गार आहे," तो म्हणाला. "यंत्र टेकवायच्या आधी तिच्या कानशिलाले हेच लावलं होतं, दादा..."

मी रिसिव्हर उचलून पाहिला.

कोरडा होता.