केसपेपरवरचं ‘नाही’

कंपाउंडरअण्णांचा हात असा हलका, की सुई टोचून झाली तरी माणूस डोळे मिटून वाट बघत बसलेला. निदान अण्णा तरी असंच सांगत. कुत्रं किंवा साप चावल्यावरचं सीरम टोचण्याआधी मात्र एक प्रश्न विचारायचा असतो: पूर्वी कधी घेतलंय? गर्दी असली की अण्णा तो गिळत, केसपेपरवर लांब शेपटीच्या वेलांटीचं ‘नाही’ ओढत आणि मोकळे होत. वीस वर्षं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग कुत्रं चावलेला शिंपी आला. ‘नाही’ लिहून अण्णांनी त्याला टोचलं. तिसऱ्या दिवशी बायकोने त्याला धरून आणलं. ताप, अंगभर उठलेल्या गांधी, बोटं वाकून ताठ झालेली.

लघवीचा रिपोर्ट बघत डॉक्टरमॅडम म्हणाल्या, “कुत्र्याचं असो की सापाचं, सीरम घोड्याच्या रक्तातलंच. शरीर एकदा ओळख ठेवतं, दुसऱ्यांदा भांडतं. त्या भांडणाचा गाळ सांध्यांत बसतो, मूत्रपिंडांत बसतो. अण्णा, विचारलं होतंत ना?”

“विचारलं तर. नाही म्हणाले.”

“अहो, लहानपणी साप चावला तेव्हा घेतलं होतंत की,” बायको नवऱ्याकडे वळली.

शिंप्याने अण्णांकडे पाहिलं. बराच वेळ.

“मी विसरलो असेन,” तो हळूच म्हणाला.

“विसरा. आता शिवणाचं मशीन काय मी चालवू?” बायको करवादली.

अण्णा कापसाच्या डब्याचं झाकण उगाचच पुसत राहिले.

त्यानंतर तिसऱ्या सकाळी अण्णांच्या दंडावर गांध उठली. मधोमध सुईचं ताजं भोक. उभ्या जन्मात त्यांनी सीरम दुसऱ्यांनाच टोचलं होतं, स्वतः कधी घेतलं नव्हतं. दवाखान्यात निघेपर्यंत मनगटं सुजली, बोटं वाकली. शर्टाची बटणं बायकोने लावून दिली.

मॅडमनी दंड पाहिला. “सीरमचाच त्रास. पूर्वी घेतलं होतंत?”

दाराबाहेर बाकावर शिंपी बसला होता. आता सांगून टाकायचं, अण्णांनी ठरवलं. मी त्याला विचारलंच नव्हतं. एवढंच तर.

त्यांनी तोंड उघडलं.

“मी विसरलो असेन.”

आवाज शिंप्याचा होता.

बाकावर शिंप्याने मान वर केली.

मॅडमनी टेबलावरचा अण्णांच्या नावाचा केसपेपर ओढला. प्रश्नासमोर ‘नाही’. लांब शेपटीची वेलांटी.

“हे तुम्ही कधी लिहिलंत?”

अण्णांनी आपली वाकलेली बोटं पाहिली. सकाळपासून त्यांत चमचासुद्धा धरवला नव्हता.

‘नाही’वरून फिरलेल्या मॅडमच्या अंगठ्याला ओली शाई लागली.