न संपणारी बाटली

"नर्सने माझ्या आईचा जीव घेतला," लेक म्हणाली आणि तिने सॅनिटायझरची बाटली टेबलावर ठेवली. "हा पुरावा."

भाऊजी सरसावून बसले. तपास वहिनींचा असायचा. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतू तपासण्यात त्यांची हयात गेली होती. दिराकडे दोनच कामं, असं त्या म्हणत: गाडी चालवणं आणि भलत्याच माणसावर संशय घेणं.

लेकीने सांगितलं ते असं. आईची मूत्रपिंडं निकामी झाली होती. पोटात बसवलेल्या नळीतून घरीच डायलिसिस चाले, दिवसातून चारदा. नळीला हात लावण्याआधी नर्सने सॅनिटायझर चोळायचं, हा नियम. तरी पोटात जंतू गेले आणि आठवड्यात आई गेली. ही अर्ध्या लिटरची बाटली लेकीनेच चार महिन्यांपूर्वी आणली होती. नियमाने वापरली असती तर महिनाभरात संपली असती. आजही ती निम्मी भरलेली होती.

"तिने हातच साफ केले नाहीत. मी नर्स पुरवणाऱ्या संस्थेकडे तक्रार दिलीय. आता तिला कुणी दारात उभं करणार नाही. तुमचा अहवाल तेवढा हवा."

भाऊजींच्या मते प्रकरण तिथेच मिटलं होतं.

नर्स एका चाळीत जिन्याखालच्या खोलीत राहायची. तिला कामावरून काढून दोन दिवस झाले होते. आधी साबणाने हात, मग खिडकी लावणं, मास्क, पिशवी टांगणं आणि शेवटी सॅनिटायझर, असा क्रम तिने न अडखळता सांगितला. वहिनींनी तिचे हात पाहिले. बोटांना चिरा पडल्या होत्या.

"झोंबत असेल."

"पहिला महिना डोळ्यांत पाणी यायचं. मग झोंबेनासं झालं. हात निबर झाले म्हणायचे. वाळायला मात्र वेळ लागायचा."

वाटेत वहिनींनी औषधाच्या दुकानातून तशीच सीलबंद बाटली घेतली. माल भेसळीचा असणार, म्हणून भाऊजींनी लगेच दुकानदाराला गुन्हेगार ठरवलं. वहिनी नुसत्या हसल्या.

लेकीचे वडील घरी एकटेच होते. भाऊजी हात धुवायला गेले तर बाटलीतला साबण बोटांतून पाण्यासारखा ओघळला. आरशाखाली टूथपेस्टची नळी उभी चिरून ठेवली होती. घरात आम्ही दोघं आणि दिवसभर ती नर्स, लेक फक्त रविवारी येते, असं म्हातारा सांगत होता. नर्स गुणाची पोर होती, हिचे केस विंचरून द्यायची, असंही तो म्हणाला. मग तो आत जाऊन पडला.

लेक आल्यावर वहिनींनी स्वयंपाकघरात दोन बशा मांडल्या. एकीत नवं सॅनिटायझर, दुसरीत पुराव्याच्या बाटलीतलं. पहिल्या बशीने काडी लागताच निळसर पेट घेतला. दुसऱ्या बशीत काडी चर्रकन विझली.

"जंतू मरायला निदान साठ टक्के अल्कोहोल लागतं," वहिनी म्हणाल्या. "यात जवळपास पाणीच आहे. दुकानातला माल चोख निघाला, म्हणजे पाणी घरात पडलं. नर्सला झोंबेनासं झालं, हात वाळेनात, आणि मास्कमुळे वास कळला नाही. ती रोज चोळायची, म्हणून तर बाटली पुन्हा पुन्हा भरावी लागली. साबणातही पाणी आहे, टूथपेस्टची नळी चिरून ठेवलीय. या घरात उरलेलं काही टाकवत नाही असा माणूस एकच."

लेकीने वडिलांच्या खोलीकडे पाहिलं.

"चार महिन्यांत तुम्ही दुसरी बाटली का आणली नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"दर रविवारी भरलेली दिसायची." ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबांना कळलं तर ते जगायचे नाहीत. नर्सला मिळेल की दुसरं काम."

"तुमच्या तक्रारीनंतर नाही मिळणार."

म्हातारा दारात उभा होता. तो केव्हापासून ऐकत होता, कोण जाणे.

"बाटली रिकामी दिसली की आमच्या हिला धास्ती वाटायची," तो म्हणाला. "लेकीला तरी सारखं काय सांगायचं? म्हणून भरून ठेवायचो." मग त्याने वहिनींकडे पाहिलं. "ती माझ्यामुळे गेली का?"

"जंतू कुठून आले हे शपथेवर कुणालाच सांगता येणार नाही," वहिनी म्हणाल्या. बोलताना त्यांनी नजर बशीवर ठेवली. भाऊजींनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. भाऊजींना म्हाताऱ्याची फार दया आली.

"म्हणजे हो," म्हातारा म्हणाला.

तो टेबलाशी बसला आणि त्याने कागद मागितला. नर्सचा दोष नाही, पाणी मी घालत होतो, असं त्याने लिहिलं आणि खाली सही केली. मग तो कागद त्याने लेकीपुढे सरकवला.

"आता तू कर."