पाळकबाबांची कवळी

पहिल्या भेटीत तो दचकला, पण तिला बघून नाही. तिच्या टेबलावर ओळीनं हसत बसलेल्या कवळ्या बघून.

"घाबरू नका, चावत नाहीत," ती म्हणाली. "पंखा वर आहे."

कवळ्या बनवण्याच्या त्या एवढ्याशा लॅबमधला पंखा तासाभरात फिरू लागला. तरी हा वायरमन पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर — बटण सैल असेल म्हणून. मग दिवा मिणमिणत असेल म्हणून... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दोघं एकाच चर्चमध्ये जात. आता उपासना संपल्यावर फाटकापर्यंत पोचायला त्यांना फारच वेळ लागू लागला.

आणि एक दिवस त्यानं सांगितलं, की तो पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला चाललाय. दूर. काही वर्षांसाठी.

"किती दिवस वायरीच जोडायच्या? देवासाठी काहीतरी करायचंय."

"मग मी दात कुणासाठी बनवते?"

"तुझं वेगळं आहे गं."

"ते कसं? प्रभू इतकी वर्षं सुतारकाम करत होता, तेव्हा काय सुट्टीवर होता?"

तो नुसता हसला. तिनंही विषय वाढवला नाही. देवाशी भांडायचं, आणि तेही स्वतःच्या स्वार्थापायी?

निघायच्या दिवशी तो खांद्याला पिशवी अडकवून निरोप घ्यायला आला, तर ती गरम पाण्याच्या टाकीवर वाकलेली. टाकी थंड पडत चालली होती, आणि आत त्यांच्या चर्चच्या म्हाताऱ्या पाळकबाबांची कवळी पक्की व्हायला ठेवलेली.

"बाबा आठवडाभर नुसतं पातळ पितायत," ती म्हणाली. "पण तू नीघ. मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावते."

"दुसरा येईपर्यंत कच्ची राहील ती." त्यानं पिशवी खाली ठेवली, बाह्या सरसावल्या. कॉइल जळली होती. त्यानं धावत जाऊन नवी आणली, बसवली. पाणी पुन्हा तापलं, तेव्हा त्याची गाडी केव्हाच सुटली होती.

त्याचा चेहरा उजळला. "बघ! मी राहावं म्हणूनच कॉइल जळली. देवाची खूण आहे ही!"

"जुनी झाली म्हणून जळली," ती म्हणाली. "कॉइलच्या सांगण्यावरून थांबणारा माणूस मला नको. उद्या फ्यूज उडाला की निघून जाशील. संध्याकाळी दुसरी गाडी आहे."

तो टाकीच्या थर्मामीटरकडे बघत राहिला.

"काम करताना गाडी आठवलीच नाही मला," तो हळूच म्हणाला. "बाबा घास चावतायत, एवढंच दिसत होतं. प्रार्थनेतसुद्धा माझं मन कधी इतकं लागलं नव्हतं... पाळक होणं मोठंच आहे. पण मी त्यासाठी जात नव्हतो. माझं काम हलकं आहे असं वाटत होतं, म्हणून पळत होतो. आणि ते हलकं असं देवानं कधी म्हटलं? मीच ठरवलं. कॉइल जळली नसती तरी हे खरंच होतं. मी थांबतोय."

"फक्त कामासाठी?" तिनं विचारलं — टाकीतल्या पाण्याकडे बघत.

"नाही... आणखी एक कारण आहे." त्यानं काळे झालेले हात पाठीमागे लपवले. "हात धुऊन येतो, मग सांगतो."

"नको," ती म्हणाली, आणि ते हात पुढे ओढून घट्ट धरले. "असाच सांग."